खाली बसून निवडलेला टीव्ही

आमच्या सावली गावातल्या घरचा जुना टीव्ही जळला तो उन्हाळ्याच्या अखेरच्या एका वादळात. वीज तळ्याच्या पाळीवर कुठेतरी पडली आणि अँटेनाच्या वायरीतून घरात शिरली. टीव्हीतून एकदाच फट्‌ असा आवाज आला, खोलीभर जळक्या रबराचा वास पसरला, आणि जाळं विणत बसलेले बाबा मान वर न करताच म्हणाले, "गेला." त्यांनी ते अशा सुरात म्हटलं की जणू घरातलं एखादं म्हातारं जनावर गेलं. मी तेव्हा चंद्रपूरला पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला होते आणि सुट्टीला घरी आले होते. खरं सांगायचं तर मला आनंदच झाला. टीव्ही गेला म्हणजे नवा येणार, आणि नवा येणार तर त्याच्याखाली मी स्वतः बांधलेला कॉम्प्युटर बसणार, असं मी त्या जळक्या वासातच ठरवून टाकलं.

आमचं घर तळ्याला लागून. पुढे पडवी, मागे दोन खोल्या, अंगणात दोरीवर कायम जाळी वाळत घातलेली. बाबा तळ्यात मासे धरायचे आणि नहराखालच्या तुकड्यात धान लावायचे. घरात ओल्या जाळ्याचा, उकडलेल्या धानाचा आणि चुलीवर भाजलेल्या झिंग्यांचा, म्हणजे सुक्या कोळंबीचा, वास एकमेकांत मिसळलेला असायचा. चंद्रपूरच्या माझ्या आताच्या फ्लॅटमध्ये मी कधी वाळले झिंगे भाजायला घेतले की मुलगी खिडक्या उघडत सुटते. मी मात्र तव्याजवळून हलत नाही.

बाबा बोलके, आई अबोल. तिच्या अबोलपणाला कारण होतं. लग्नाआधी आणि लग्नानंतरही काही वर्षं ती झाडीपट्टीच्या नाटकांत काम करायची. धान कापून झालं की आमच्या भागात गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते आणि मंडईला रात्रभर चालणारं नाटक लागतं. उघड्यावर मांडव, खाली भाताच्या पेंढ्याची तणस पसरलेली, आणि पंचक्रोशीतली माणसं घोंगड्या पांघरून बसलेली. आई तिथे गायची. बाबांनी तिला पहिल्यांदा पाहिलं तेही असंच तणशीवर बसून. मी पाळण्यात असताना तिच्या गळ्यात गाठ झाली, नागपूरला ऑपरेशन झालं, गाठ निघाली, जीव वाचला, पण आवाज बसला तो कायमचा. मला आठवते ती आई सुपात धान घोळवल्यासारख्या खरखरीत, हलक्या आवाजात बोलणारी. तिला लांबून हाक मारता यायची नाही. काही सांगायचं असलं की ती हातातलं काम टाकून जवळ यायची, खांद्यावर हात ठेवायची आणि मग बोलायची. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्याच आया असं करतात.

तिच्या गाण्याबद्दल घरात फक्त बाबा आणि घुग्घुसचा मामा बोलायचे. मामा आईचा धाकटा भाऊ. तो कोळशाच्या खाणीत होता. शिफ्ट संपली की मोटारसायकलवर यायचा, आणि त्याच्या भुवयांवर नेहमी बारीक काळी धूळ असायची. लहान असताना तो आईच्या मेकअपची पेटी घेऊन गावोगाव तिच्यासोबत फिरलेला. "तुह्या मायनं गाणं उचललं का मांगचे झोपलेले उठून बसत," तो मला सांगायचा. आई त्याच्याकडे नुसती पाहायची आणि विषय बदलायचा.

कॉम्प्युटरची कल्पना मी पहिल्यांदा मामालाच सांगितली. एकच पेटी, ती टीव्हीला जोडायची, तिच्यातच केबल, तिच्यातच गाणी, तिच्यातच सिनेमे, आणि रिमोट घेऊन लांबून चालवायची. मामाने सगळं ऐकून घेतलं आणि पुढच्या वेळी येताना मोटारसायकलला बांधून एक आडवं लोखंडी कॅबिनेट आणलं. कुठल्यातरी ऑफिसच्या भंगारातलं. उघडलं तर आत बोटभर कोळशाची धूळ. आईने ते माझ्या हातातून घेतलं, बोरिंगवर नेलं, आणि कढई घासावी तसं राख लावून घासलं. उन्हात वाळवून परत दिलं तेव्हा त्याचा मूळचा बदामी रंग दिसायला लागला होता.

मग चंद्रपूरहून एकेक सामान येत गेलं. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, आणि मला ज्याचं सगळ्यात जास्त अप्रूप होतं ते टीव्ही ट्यूनर कार्ड. त्या कार्डाला केबल लावता यायची आणि बाहेरचं चित्र आत साठवूनही घेता यायचं. मी पडवीत चटई टाकून जोडणी करायची तेव्हा बाबा शेजारी जाळ्याची भोकं सांधत बसायचे. दोघांच्याही हातात बारीक काम. मी मदरबोर्डवर प्रोसेसर बसवताना श्वास धरून असायची, तर ते म्हणायचे, "श्वास सोड. मासोळी थोडीच पळून राह्यली." पहिल्यांदा बटण दाबलं आणि कॉलेजातून मागून आणलेल्या मॉनिटरवर अक्षरं उमटली तेव्हा मी बाबांना मिठीच मारली. त्यांच्या हातातल्या सुईने माझ्या कुर्त्याला भोक पाडलं. तो कुर्ता मी पुढे बरीच वर्षं तसाच वापरला.

एकच गोष्ट बिघडली होती. पेटी फार आवाज करायची. पंखा असा घुमायचा की धानगिरणी घरात आणल्यासारखं वाटे. आई दारात उभी राहिली, ओठ हलले, मला काही ऐकू आलं नाही. ती जवळ आली, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "हे बोलते, तं मी कशी बोलू?"

ते वाक्य मला लागलं. तिचा एवढासा आवाज, आणि मी घरात त्याच्यावर कुरघोडी करणारं यंत्र आणून बसवलं होतं. सुट्टीचे उरलेले सगळे दिवस मी त्या आवाजाच्या मागे लागले. छोटा पंखा काढून मोठा, सावकाश फिरणारा बसवला. हार्ड डिस्क लोखंडाला टेकली की थरथर वाढायची, म्हणून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून ती झुल्यासारखी टांगली. आत एक पाल राहायला आली होती, तिला दोनदा बाहेर काढलं आणि मग मागच्या जाळीला मच्छरदाणीचं कापड लावलं. शेवटी आईला स्वयंपाकघरात उभं केलं आणि म्हटलं, बोल. तिने तिथूनच, न ओरडता विचारलं, "चहा ठेवू काय?" मला ऐकू आलं. मी म्हटलं, ठेव.

टीव्ही आणायला आम्ही चौघं चंद्रपूरच्या दुकानात गेलो. तेव्हा पाठीवर कुबड असलेले जुने टीव्ही जाऊन पातळ टीव्ही येऊ लागले होते, आणि दुकानात दोन्ही तऱ्हेचे होते. भिंतभर टीव्ही, सगळ्यांवर एकच चित्र, लाल-हिरवे पोपट आणि चिरलेली कलिंगडं. मामा सरळ सगळ्यात मोठ्यासमोर जाऊन उभा राहिला आणि तिथून हलेना. बाबांनी एका जुन्या पद्धतीच्या टीव्हीला खालून हात घालून वजन पाहिलं. "हा जड हाय. जड वस्तू टिकते," ते म्हणाले. मी प्रत्येकाच्या मागे वाकून कॉम्प्युटरची पिन कुठे बसते ते पाहत होते. दुकानातला माणूस आमच्या तिघांच्या मध्ये पळत होता.

आई मागे होती. थोड्या वेळाने पाहिलं तर ती दुकानाच्या चकचकीत फरशीवर चक्क मांडी घालून बसलेली. दुकानातला माणूस धावत आला. "काकू, खुर्ची देऊ का?"

"खुर्ची नको," आई म्हणाली. त्याला ऐकू आलं नाही, म्हणून मी सांगितलं. मग आईने मला खुणेने खाली बोलावलं आणि मोठ्या टीव्हीकडे बोट केलं. "इथून पाह्य."

मी तिच्या शेजारी बसले. उभं राहून झळझळीत दिसणारा तो टीव्ही खालून काळवंडलेला दिसत होता. पोपट राखेसारखे. आई बसल्या बसल्या बाजूला सरकली आणि मला ओढलं. कडेने तर चित्र पार उलटसुलट.

"आपल्या घरी खुर्चीवर कोन बसते?" ती म्हणाली. "मानसं खालीच बसतीन. बाया तिकडं, दाराजवळ, कोपऱ्यात बसतीन. त्याईले का अंधार दाखवाचा?"

मामाने वरून विचारलं, "बाई, तुले कोनता पाह्यजे मंग?"

"मले पोपट नाई पाह्याचे. मानसं दाखवा म्हन. तोंडं दिसली पाह्यजेत."

दुकानदाराने पोपट बंद करून कुठलीतरी मालिका लावली. आई फरशीवर सरकत सरकत, कधी या कोपऱ्यातून, कधी त्या कोपऱ्यातून, सगळे टीव्ही पाहत गेली. तिच्यामागे मी, माझ्यामागे मामा, आणि सगळ्यात शेवटी कंबर धरून बाबा. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं आमच्याकडे पाहत होती. थोड्या वेळाने त्यांच्यातली एक बाईही खाली बसली. आईने निवडला तो मधल्या आकाराचा पातळ टीव्ही. मामाला वाटत होतं त्याहून बराच लहान. पण खालून पाहा, कडेने पाहा, त्याच्यावर माणसाचं तोंड माणसासारखंच दिसत होतं. ते कसं होतं हे मला आज तांत्रिक शब्दांत सांगता येतं. तेव्हा मी फक्त त्या फरशीच्या गारव्यावर बसून हसत होते. आईने कधीच न बोलता आयुष्यभर जमिनीवर बसलेल्या माणसांचा विचार केला होता, आणि तो मंचावरून केला होता, हे माझ्या ध्यानात यायला अजून थोडा वेळ होता.

त्या पावसाळ्यात आमचं घर म्हणजे आळीचं थेटर झालं. धानाच्या रोवणीहून आलेल्या बाया हातपाय धुऊन यायच्या आणि दाराजवळ बसायच्या. मी शनिवार-रविवार घरी असले की नवे सिनेमे भरून आणायची. आई आयते टाकायची. आयते म्हणजे तांदळाच्या पिठाचे पातळ, जाळीदार घावन. आणि त्याबरोबर झिंग्यांची चटणी. सिनेमात कुणी रडायला लागलं की मागून कुणीतरी आयत्याचं ताट पुढे सरकवायचं. बाबांना रिमोट हातात धरायला फार आवडे. ते तो कधी वापरत नसत, नुसता मांडीवर ठेवत.

पोळ्याच्या आसपास मामा एका संध्याकाळी आला तो पावसात भिजून, पण शर्टाच्या आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक व्हिडिओ कॅसेट कोरडी ठेवून. वडशाला लग्नाचं शूटिंग करणारा एक माणूस होता. त्याने एकदा आईच्या नाटकाचंही शूटिंग केलं होतं. मामाला ते आठवत होतं, आणि माझ्या कार्डात बाहेरचं चित्र साठवता येतं हे कळल्यापासून तो त्या माणसाच्या मागे लागला होता. कॅसेट त्याच्या माळ्यावर सापडली. तिच्या फितीवर पांढरी बुरशी चढली होती.

मामाने ती आईसमोर ठेवली. आईने हात लावला नाही.

"काऊन आनली?" ती म्हणाली.

"पोट्टीनं तुहा आवाज आयकला नाई, बाई. एकदा आयकू दे."

"मले नाई आयकाचा." एवढं बोलून ती उठली आणि परसात गेली. भर पावसात ती कोंबड्यांना दाणे टाकत राहिली. कोंबड्या खुराड्यातून बाहेरही आल्या नव्हत्या.

बाबा मामाला म्हणाले, "राहू द्या." मामाने कॅसेट उचलून कपाटात ठेवली. पुढचे काही दिवस कुणी तिचं नाव काढलं नाही. मग पोळ्याच्या आदल्या दिवशी मी घरी आले, बसमधून उतरून पाय धूत होते, तर आई जवळ आली, खांद्यावर हात ठेवला. "लाव ते," ती म्हणाली. "तुमी पाहा. मी चुलीजवळ राहीन."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बसलो. फीत इतकी खराब होती की ती एकदाच चालेल, दुसऱ्यांदा चालेलच याची खात्री नव्हती. त्यामुळे पहिल्याच खेपेला ती कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायची होती. आणि मध्येच लाइन गेली असती तर सगळं गेलं असतं. मामाने घुग्घुसहून ट्रकची बॅटरी आणि एक इन्व्हर्टर आणला होता. कॅसेट लावायचा प्लेअर शेजारच्यांचा. मी वायरी जोडल्या, दोनदा तपासल्या. बाबा रिमोट मांडीवर घेऊन बसले. स्वयंपाकघरातून आयत्याचं पीठ तव्यावर पडल्याचा चर्र आवाज येत होता.

आधी नुसत्या पांढऱ्या रेघा आल्या. मग हलतं, विटलेलं चित्र. मांडव, पडद्यावर रंगवलेला वाडा, पेट्रोमॅक्सचा पिवळट उजेड. एक तरुण बाई निऱ्या सावरत पुढे आली. मी तिला ओळखलं नाही. नाक आईचं होतं, उभं राहणं आईचं होतं, तरी ओळखलं नाही. मग तिने गाणं उचललं.

तो आवाज कसा होता हे लिहायला मी या लिखाणाची सुरुवात केली, आणि आता इथे आल्यावर माझी लेखणी अडते. तो गोड नव्हता. गोड असेल असं मी लहानपणापासून धरून चालले होते. तो भरदार होता, रानात हाळी द्यावी तसा मोकळा, आणि त्याला काही म्हणजे काही भीती नव्हती. वर चढताना तो पातळ होत नव्हता, उलट रुंद होत जायचा. माझ्या आईने कधीकाळी जवळ न येता, कुणाच्या खांद्यावर हात न ठेवता, मैदानाच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाला आपलं म्हणणं ऐकवलं होतं. मी बाबांकडे पाहिलं. ते ओठांनी सगळे शब्द म्हणत होते.

तव्यावरचा आवाज थांबला होता. करपल्याचा वास येत होता, पण कुणी उठलं नाही.

गाणं संपलं, संवाद सुरू झाले. ती बाई नाटकातली मोठी वहिनी होती आणि घर सोडून निघालेल्या दिराला अडवत होती. चित्र मध्येच वर सरकायचं, मध्येच फाटायचं. मग प्लेअरमधून कर्र असा आवाज आला, पडदा पांढरा झाला आणि फीत आत गुंडाळली गेली. मी प्लेअर बंद केला. मामाने कपाळाला हात लावला. जेवढं आलं तेवढं साठलं होतं, पण प्रसंग ऐन मध्यावर तुटला होता. दीर उंबऱ्यावर उभा, आणि वहिनी काही बोलणार एवढ्यात.

खोलीत कुणी बोललं नाही. आणि मग मागून, स्वयंपाकघराच्या दारातून, पुढचं वाक्य आलं.

"जाशील तं जा. पन हे ताट घेऊन जा. मी रोज वाढीन, आनि रोज हेच ताट रिकामं राहीन, ते मले पाह्यवनार नाई."

आई दारात उभी होती. हातात उलथनं, बोटांना पीठ. खरखरीत, फाटका आवाज. पण ती जवळ आली नव्हती, तिथूनच बोलली होती, आणि शब्द अन्‌ शब्द ऐकू आला होता. मला वाटतं तिने आवाज चढवलाच नाही. तिने फक्त आमची शांतता वापरली.

बाबा रिमोट खाली ठेवून उभे राहिले. त्यांनी ते नाटक इतक्या वेळा पाहिलं होतं की दिराची वाक्यं त्यांना पाठ होती. "वहिनी, मले अडवू नको," ते म्हणाले, अगदी वाईट अभिनय करत. आईला हसू आलं, तरी तिने पुढचं वाक्य म्हटलं. मग बाबांनी, मग तिने. अख्खा प्रवेश त्यांनी तसाच उभ्या उभ्या संपवला. शेवटी वहिनी रडते असं होतं. आई रडली नाही. ती म्हणाली, "इथी मी रडत होती," आणि वळून तवा पाहायला गेली. मामा मात्र रडत होता. त्याच्या गालांवर काळ्या रेघा उतरल्या होत्या.

संध्याकाळी आळीला बातमी लागली आणि घर भरलं. साठवलेला तुकडा मी लावला, परत लावला, परत लावला. बायांनी आईला मध्ये बसवलं. ती आता स्वतःकडे पाहून चुका काढत होती. पदर चुकला, हात उगाच हलवला, या जागी श्वास पुरला नाही. एका म्हातारीने विचारलं, "आता वाईट नाई वाटत का वं, आवाज गेल्याचं?" आईने विचार केला आणि म्हणाली, "वाटत होतं. मले वाटे तो कुठीच नाई राह्यला. आता इथी हाय."

त्या दिवसानंतर घर बदललं. आई बोलायला लागली. आवाज तोच, पण ती भाजी चिरता चिरता खोलीच्या पलीकडून बोलायची आणि आम्ही गप्प होऊन ऐकायचो. दिवाळीच्या आधी मामा वडशाला एका नाटक कंपनीच्या मालकाला भेटून आला. त्यांच्या नव्या नाटकात एक खाष्ट म्हातारी होती, गाणं नसलेली. मालकाने आईला बोलावलं, दोन वाक्यं म्हणायला लावली आणि म्हणाला, असा आवाज मेकअपने येत नाही. आई घरी येऊन हे सांगताना इतकी हसली की तिला ठसका लागला.

पहिल्या प्रयोगाला मी परीक्षेमुळे जाऊ शकले नाही, म्हणून प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने सावलीला आले. मामाची मोटारसायकल माझ्या मागोमागच अंगणात शिरली. मागे आई बसलेली, शालीत गुरफटलेली. उतरली तेव्हा पाहिलं, तिच्या चेहऱ्यावर म्हातारीच्या सुरकुत्या तशाच होत्या, भुवया पांढऱ्या, केसांना पावडर. बाबांनी बादलीत गरम पाणी काढून ठेवलं होतं.

"लोकं हसले?" मी विचारलं.

"मी तोंड उघडलं का हसत होते," ती म्हणाली. "मंग शेवटी गप झाले. सारेच्या सारे."

बाबा म्हणाले, "तोंड धुऊन घे. पानी थंड होऊन राह्यलं."

आईने बादलीकडे पाहिलं. मग पडवीच्या पायरीवर, कोवळ्या उन्हात, ती आरामात बसली. तळ्याकडे जाणारी माणसं थांबून तिला पाहत होती, आणि तीही त्यांना पाहत होती.

"होऊ दे थंड," ती म्हणाली. "जरा वेळ असंच राहू दे."